नाव पुसायला किती दिवस लागतात?

दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, एक बाई आमच्या सल्ला केंद्रात आली. पोटगीचा अर्ज, मारहाणीची तक्रार, मुलीच्या शाळेचा दाखला अडवून ठेवलाय ते, असं सगळं सांगून झालं. मी लिहून घेतलं. मग तिने पदर बाजूला सारला, डावा हात टेबलावर उताणा ठेवला आणि विचारलं, "ताई, हे कुठं काढून मिळंल का?"

मनगटापासून चार बोटं वर, जाड काळ्या अक्षरांत नवऱ्याचं नाव. शेजारी फिकट हिरवट तुळस. तुळस लहानपणची, गोंदणारीण दारावर आली तेव्हा आईने मांडीवर धरून काढून घेतलेली. नाव मात्र लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेतलं, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राचं. ते तिने हौसेने काढून घेतलं होतं. हे तिने आपणहून सांगितलं, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. दहाएक वर्षांनी नवरा संशय घ्यायला लागला. एका रात्री मारून झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो तिला ओढत तालुक्याला घेऊन गेला आणि तेच नाव पुन्हा, जुन्या अक्षरांवरून, जाड करून गिरवून घेतलं. "इसरू नये म्हणून," असं तो त्या गोंदणाऱ्या पोराला म्हणाला होता. पोराने पैसे घेतले आणि गिरवलं. बाई रडतेय, याचं त्याला काही वाटलं नाही.

मी तिला काय उत्तर दिलं? "लेझरने जातं हो ताई. दोन-तीन वेळा जावं लागेल." इतक्या सहज सांगितलं. हे मी कुठून आणलं? बसथांब्यावरच्या एका जाहिरातीतून. एम. एस. डब्ल्यू.च्या दोन वर्षांत आम्हाला समुपदेशनाच्या पायऱ्या शिकवल्या, केस कशी लिहावी ते शिकवलं, पण बाईच्या कातडीवर लिहिलेलं कसं पुसतात, हे कुणी शिकवलं नव्हतं. ते शिकायला मला तिच्याबरोबर सात वेळा पुण्याला जावं लागलं. म्हणून हा लेख. आपल्यापैकी कुणाच्या केंद्रात उद्या अशी बाई आली, तर निदान दोन-तीन वेळा असं सांगू नका.

आधी सरकारी रुग्णालयात गेलो. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथल्या तरुण डॉक्टरने हात पाहिला आणि म्हणाला, "हे सौंदर्यासाठीचं काम आहे, इथे होत नाही." सौंदर्यासाठी! पदराखाली नाव झाकून भाजीच्या गाडीवर बसणाऱ्या एक्केचाळीस वर्षांच्या बाईला. मी वाद घातला, तो ऐकून घेतला गेला, आणि आम्ही परत आलो. शेवटी पुण्यात एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सवलतीत करायचं कबूल केलं. त्यांच्या दारात बसलेली बहुतेक मुलं फौजेच्या भरतीला निघालेली होती. अंगावर कुठे गोंदलेलं चालतं आणि कुठे नाही, याचे फौजेचे नियम आहेत, आणि दंडावरची बदामाची खूण त्यात बसत नाही. मुलांना भरतीची घाई. आमच्या बाईला कसली घाई आहे, ते रांगेत कुणी विचारलं नाही, ते बरंच झालं.

आता ते यंत्र काय करतं ते सांगते. गोंदणाची शाई कातडीच्या वरच्या थरात नसते. वरचा थर सारखा झडत असतो, त्यात असती तर महिन्याभरात निघून गेली असती. सुई ती खालच्या थरात नेऊन सोडते. शरीराला ती परकी वाटते, म्हणून भक्षक पेशी धावून येतात आणि शाईचे कण गिळतात. पण कण मोठे, पचत नाहीत. पेशी ते पोटात घेऊन तिथेच बसून राहते. तिचं आयुष्य संपलं की शाई बाहेर पडते आणि शेजारची नवी पेशी ती पुन्हा गिळते. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या संशोधकांनी उंदरांवर हे दाखवून दिलं. गोंदण वर्षानुवर्षं टिकतं ते असं, एकीकडून दुसरीकडे सोपवत सोपवत.

लेझर म्हणजे एकाच रंगाचा, एकवटलेला प्रकाश. तो शाईवर पडतो तो अगदी क्षणाच्याही क्षणापुरता. एका सेकंदाचे अब्ज भाग केले, तर त्यातले पाच-दहा भाग इतकाच वेळ. एवढ्यात शाईचा कण तापतो, पण ती उष्णता आजूबाजूच्या कातडीत पसरायला वेळच मिळत नाही, आणि कण फुटून त्याचा चुरा होतो. प्रकाशाचा रंग आणि झोताची लांबी नीट निवडली तर हवं तेवढंच जळतं, हा विचार १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकी डॉक्टरांनी मांडला. त्याआधी मीठ चोळून कातडी सोलणं, आम्ल लावणं, कापून टाकणं हेच उपाय होते. आपल्याकडे ते अजून चालतात. आमच्याकडे आलेल्या एका मुलीने मित्राचं नाव घालवायला बिब्ब्याचं तेल लावलं होतं. नाव राहिलंच, वर भाजल्याचा व्रण आला. आणि व्रणाखालची शाई लेझरलाही लवकर दाद देत नाही.

तर यंत्र फक्त फोडतं. तो चुरा उचलून नेण्याचं काम शरीराला करावं लागतं. भक्षक पेशी आता छोटे झालेले कण घेऊन जातात, काही लसिकेच्या वाहिन्यांतून काखेतल्या गाठींपर्यंत पोचतात. झाडलोट कुणाच्या वाट्याला येते, ते आपल्याला नवीन नाही. पण या झाडलोटीला वेळ लागतो, आठवडे लागतात. म्हणून एका बैठकीनंतर दुसरी किमान सहा ते आठ आठवड्यांनी, आपल्यासारख्या सावळ्या कातडीला त्याहूनही सावकाश. जो कुणी पंधरा दिवसांनी परत बोलावतो, तो शाईसाठी नाही, पैशांसाठी बोलावतो असं समजा.

पहिल्या बैठकीचा दिवस मी विसरणार नाही. तासभर आधी बधिरतेचं मलम लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलं. डोळ्यांना जाड चष्मे, तिला, डॉक्टरांना, मलाही. मोहरी तडतडावी तसा आवाज येत होता. दोन मिनिटांत संपलं. तिने चष्मा काढून हाताकडे पाहिलं, तर नावाच्या जागी पांढरं! अक्षरं पांढरीफेक पडली होती. "गेलं की वो ताई!" म्हणून तिने माझा हात धरला. मीही खुळ्यासारखी हसले. बाहेर बाकावर बसून आम्ही चहा प्यायलो, आणि चहा संपेपर्यंत त्या पांढऱ्यातून काळं नाव पुन्हा वर आलं. जसंच्या तसं. तो पांढरेपणा म्हणजे तापलेल्या कणांमुळे कातडीत झालेले वाफेचे आणि हवेचे बुडबुडे, वीसेक मिनिटांत विरतात, हे आम्हाला नंतर कळलं. ती काही बोलली नाही. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. आधी सांगितलं असतं तर? एक वाक्य पुरलं असतं. डॉक्टरांना वाटलं मी सांगितलं असेल, मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मी वही घेऊन गेले आणि डॉक्टरांना सरळ विचारलं, नेमक्या किती बैठका? त्यांनी कर्बी-देसाई मापन नावाची एक पद्धत सांगितली. २००९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी केलेली. सहा गोष्टींना गुण द्यायचे, बेरीज करायची, साधारण तेवढ्या बैठका. आम्ही तिथेच बसून तिची बेरीज केली. कातडीचा रंग: गोऱ्यापान माणसाला एक, अगदी काळ्याला सहा, तिला पाच. जागा: डोक्या-मानेला एक, आणि हृदयापासून जसजसं लांब जाल तसे गुण वाढतात, कारण लांबच्या भागात रक्ताचा आणि लसिकेचा फिरणारा ओघ कमी. कोपराखालच्या हाताला पाच. शाईचा रंग: नुसती काळी, म्हणून एक. हिरव्या-पिवळ्या रंगीत चित्रांना चारपर्यंत जातात. शाई किती: एकच नाव, दोन. जुन्यावर नवं गिरवलंय का? हो. त्याचे आणखी दोन. व्रण आहे का? थोडा, एक. झाले सोळा.

सोळा बैठका. दोन बैठकींत आठ-आठ आठवडे धरले तर सव्वादोन वर्षं. आणि मी म्हटलं होतं दोन-तीन वेळा.

त्यातले "गिरवल्याचे दोन" मी वहीत अधोरेखित करून ठेवले आहेत. हौसेने काढलेलं नाव एकटं असतं तर ते वीस वर्षांत फिकटही झालं असतं, आणि जुनं गोंदण लवकर निघतं. नवऱ्याने गिरवून घेतलं त्याची किंमत दोन गुण, म्हणजे चार महिने, म्हणजे दोन वेळा पुण्याची बस, दोन दिवसांची बुडालेली विक्री. हिंसेचा हिशोब इतका स्वच्छ मांडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

ही बेरीज म्हणजे अंदाज, वचन नव्हे. इटलीत ३५२ जणांच्या उपचारांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. दहा बैठकांनंतर त्यातल्या ४७ टक्के लोकांचं गोंदण गेलं होतं, पंधरानंतर ७५ टक्के लोकांचं. म्हणजे पंधरा बैठका करूनही चौघांतल्या एकाचं पुरतं गेलं नव्हतं. विड्या-सिगारेटी ओढणाऱ्यांचं यश चांगलंच घटतं, हेही त्याच अभ्यासात दिसलं. आमच्या बाईला डॉक्टर मिश्रीवरून रागावल्या, तेव्हा मी हळूच म्हटलं, अभ्यास धूम्रपानाचा आहे. पण मिश्री सुटली तर कुणाला नको आहे?

कातडीच्या रंगाचे पाच गुण का, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण फसवणूक होते ती इथेच. आपली कातडी सावळी आहे म्हणजे तिच्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त आहे, आणि तेही प्रकाश शोषतं. झोत शाईपर्यंत पोचायच्या आधीच वाटेत ते त्यातला वाटा मागतं. जोर जास्त लावला तर कातडीच भाजते, फोड येतात, आणि बरं झाल्यावर तिथे पांढरा किंवा आणखी काळा डाग राहतो. काळ्या नावाच्या जागी पांढरं नाव! म्हणून आपल्यासाठी १०६४ नॅनोमीटरचा, खोलवर जाणारा झोत बरा, मेलॅनिन तो कमी शोषतं. लाल शाईला लागणारा ५३२ नॅनोमीटरचा झोत सावळ्या कातडीवर जपूनच वापरावा लागतो. जोर कमी ठेवायचा म्हणजे बैठका वाढतात. म्हणजे गोरीला आठ, सावळीला बारा. अलीकडे झोत आणखी छोटा करणारी पिकोसेकंद यंत्रं आली आहेत, काहींना त्यात बैठका कमी लागतात, पण पैसे जास्त पडतात. ब्यूटी पार्लरमध्ये केस काढायला वापरतात त्या प्रकाशाच्या यंत्राने गोंदण काढू म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. त्याचा झोत या कामासाठी फार लांब असतो, कातडी भाजते. ओठ-भुवयांना रंग भरून घेतलेला असेल तर तोही लेझरखाली उलट काळा पडू शकतो, त्यातला लोहाचा तांबूस गंज रूप बदलतो म्हणून. बैठकीआधी एका कोपऱ्यात छोटीशी चाचणी करून घ्यायचा आग्रह धरा.

मग काळजी. फोड आला तर फोडायचा नाही, व्हॅसलीन लावून स्वच्छ पट्टी ठेवायची, आणि हात उन्हात न्यायचा नाही. शेवटचं वाक्य डॉक्टर म्हणाल्या आणि आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. ती दिवसभर उन्हात गाडीवर बसते. आपल्याकडे शेतात जाणाऱ्या बायका लुगड्यावरून पुरुषाचा शर्ट घालतात, तसा घाला म्हटलं. तर म्हणाली, "घरात शर्ट हाय त्यो त्याचाच." त्याच्या शर्टात त्याचं नाव झाकायचं! पुढच्या बाजाराला तिने स्वतःच्या पैशांनी लांब बाह्यांचा निळा शर्ट घेतला. अजून वापरते.

आमच्याच गटात यावरून वाद झाला. एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाली, हातावरचं पुसून काय होणार, मनातलं पुसा. हेच पैसे मुलीच्या शिक्षणाला लागले असते. दुसरी म्हणाली, गोंदण ही बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची कला आहे, मेल्यावर बाईबरोबर जाणारा तेवढाच दागिना, आपण शहरी मध्यमवर्गीय नजरेने त्याला डाग ठरवतोय. दोघींचं म्हणणं मी मनावर घेतलं. पण मला पटलं नाही. पहिलीला मी विचारलं, दर वेळी भांडी घासताना, मुलीची वेणी घालताना, अंगठा उठवताना नजरेसमोर तेच नाव येत असेल, तर मनातलं कधी पुसायचं? दुसरीला उत्तर खुद्द त्या बाईनेच दिलं आहे. तिला तुळस हवी आहे. दर बैठकीला ती डॉक्टरांना बजावते, "आईची तुळस सोडून मारा." डॉक्टर ओल्या कापसाने आणि पांढऱ्या कागदाने तुळस झाकतात. गंमत अशी की हाताने काढलेली, फिकी, काजळीची तुळस त्या यंत्राखाली दोन-चार बैठकांत निघाली असती. जे ठेवायचं ते लगेच जाणारं, जे घालवायचं ते हटून बसलेलं.

आणि हेही लिहिलं पाहिजे, की नाव काढणं हा मुक्तीचा दाखला नव्हे. आमच्याच केंद्रातली एक परित्यक्ता बाई नाव ठेवून आहे. "असू दे की, हात माझा हाय," म्हणते. तिला आपण शिकवायला जाऊ नये.

कातडीवर लिहिणं ही सत्तेची जुनी खोड आहे. इंग्रजांच्या अमलात बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदत, ती पद्धत १८४९ साली रद्द झाली. पण डिसेंबर १९९३मध्ये, स्वतंत्र भारतात, अमृतसरच्या पोलिसांनी पाकीटमारीच्या संशयावरून धरलेल्या चार बायकांच्या कपाळावर "जेबकतरी" असं गोंदवलं. ओढणीने कपाळ झाकून त्यांना न्यायालयात उभं केलं तेव्हा प्रकरण बाहेर आलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने दखल घेतली. त्या पोलिसांना शिक्षा झाली ती २०१६ साली. तेवीस वर्षं. तिथे करणारं सरकार होतं, इथे नवरा आहे, एवढाच फरक मला दिसतो. कपाळावरच्या शब्दांना आपण हिंसा म्हणतो, मग मनगटावरच्या नावाला लग्नातली हौस का म्हणतो?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. जबरदस्तीने काढलेलं नाव ही इजा आहे, आणि ते घालवणं हा त्या इजेवरचा उपचार आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत तो मोफत मिळायला हवा, "सौंदर्य" म्हणून परत पाठवता कामा नये. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये होमबॉय इंडस्ट्रीज ही संस्था टोळ्या सोडून आलेल्या मुलामुलींचं गोंदण फुकट काढून देते, स्वयंसेवक डॉक्टर येतात. टोळीचं नाव काढायला समाज पुढे येतो, मग आपल्या बायकांच्या हातावरचं नाव काढायला डॉक्टरांच्या संघटना का येणार नाहीत? आपण विचारलेलं नाही, हे पहिलं कारण.

दुसरं, कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५. त्याच्या कलम २० खाली औषधोपचाराचा खर्च मागता येतो, कलम २२ खाली इजेची आणि मानसिक छळाची भरपाई. आपल्या अर्जांत आपण मारहाणीच्या टाक्यांचा खर्च लिहितो, लेझरचा कुणी लिहिलेला मी पाहिला नव्हता. आमच्या वकील मैत्रिणीने तिच्या अर्जाला डॉक्टरांचा लेखी अंदाज जोडला आहे: सोळा बैठका, प्रत्येकीचा खर्च, प्रवास, बुडालेली मजुरी. दंडाधिकाऱ्यांनी अजून निर्णय दिलेला नाही.

इथेही माझी एक चूक आहे, ती तुम्ही करू नका. पहिली बैठक झाली तेव्हा आमच्याकडे त्या हाताचा माझ्या मोबाइलवरचा एक अंधुक फोटो सोडून काही नव्हतं. केस चालू असेल तर ते नाव हा पुरावा आहे, आणि लेझर तो पुरावा नष्ट करतो. आधी सरकारी डॉक्टरांकडून लेखी नोंद, जुन्या अक्षरांवर नवी गिरवलेली आहेत असा स्पष्ट उल्लेख, मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो, मगच पहिला झोत. बाई गरोदर असेल तर बैठका पुढे ढकलायच्या. जत्रेतल्या एकाच सुईने गोंदलं असेल तर काविळीची आणि एचआयव्हीची तपासणी सुचवायची, तीही तिला समजावून, एकांतात.

आता सात बैठका झाल्या आहेत. नाव अजून वाचता येतं, पण पाटीवरचं ओल्या हाताने पुसल्यासारखं. आडव्या रेघा आधी विरल्या, काने अजून उभे आहेत. मधल्या एका अक्षराचा वरचा भाग गेल्यामुळे ते नाव आता त्याचं नाही, दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं, आणि त्यावरून मुलगी तिला चिडवते. आठवी बैठक पुढच्या महिन्यात आहे. परवा वकील मैत्रिणीचा फोन आला की कोर्टाची तारीखही नेमकी त्याच दिवशी पडली आहे. मी तिला निरोप द्यायला गाडीवर गेले. शर्टाच्या बाहीवर कोथिंबिरीची माती होती. तिने क्षणभरही विचार केला नाही.

"कोर्टाची पुढं घ्या ताई," ती म्हणाली. "ही नको."